वजनासाठी केलेल्या स्लीव्ह सर्जरीला चार महिने झाले, फक्त १६ किलो उतरले. बाकीच्यांचं भराभर उतरतंय, माझी सर्जरी फेल गेली का?

ताई, फेल गेलेली नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच सांगते. उंची ५ फूट २ इंच, सर्जरीच्या वेळी ११२ किलो, आता ९६, आणि गेले तीन आठवडे काटा जागचा हलत नाहीये. आता बघा, या सर्जरीत पोटाचा मोठा भाग काढून ते छोटं करतात, आणि किती उतरलं हे मोजताना जास्तीचं वजन किती होतं आणि त्यातलं किती गेलं असं बघतात. तुमच्या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २५ धरला तर साधारण ६२ किलो येतं, म्हणजे जास्तीचे होते ५० आणि त्यातले १६ गेले, जवळपास तिसरा हिस्सा. स्लीव्हमध्ये बहुतेकांचं जास्तीच्या वजनातलं ५० ते ६० टक्के उतरतं आणि त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. हळू आहे हे खरं, पण उतरतंय. आणि हे कोणी स्पष्ट सांगत नाही म्हणून मी सांगते, या हिशोबाने तुम्ही ८२ ते ८७ च्या आसपास स्थिरावलात तरी सर्जरी चांगली झाली असंच म्हणतात, शुगर-बीपी-गुडघे सगळ्याला तेवढ्यानेही खूप फरक पडतो. मनात ६० धरून बसलात तर रोज वाईट वाटणार. ज्यांचे ३० किलो गेले म्हणताय त्यांचं सुरुवातीचं वजन किती होतं, बाई की पुरुष, स्लीव्ह की बायपास (पोट छोटं करून आतड्याला वेगळं जोडतात ती वजनाची दुसरी सर्जरी) हे बघितल्याशिवाय तुलना करूच नका.

माझी स्लीव्ह होऊन काही वर्षं झालीत, थायरॉईड आणि पीसीओडी दोन्ही आहे, त्यामुळे माझंही असंच रखडत रखडत उतरलं. लोकांचं बोलणं फार लागतं हो. "एवढे पैसे घातलेस, ऑपरेशन केलंस, मग अजून दिसत कसं नाही?" हे हळदीकुंकवाला पण विचारायचे, आणि वर गडकरींचं उदाहरण, कारण त्यांनी २०११ मध्ये वजनाची सर्जरी केली ते सगळ्यांना माहीत. पोटावरचे टाके आपले, रोजच्या गोळ्या आपल्या, आणि हिशोब मागणारे दुसरेच. त्यांना वजनाचा आकडा सांगायचाच नाही, मी "तब्येत छान आहे" एवढंच म्हणायला लागले आणि हळूहळू विचारणं थांबलं.

आता खरा मुद्दा. काटा हलेना म्हणून रात्रीचं जेवण बंद केलंय असं लिहिलंय तुम्ही. ते आजपासून परत सुरू करा. आपलं खाणं आधीच एवढंसं, त्यातून अजून काढलं तर शरीर स्नायू झिजवतं, आणि स्नायू गेले की दिवसाला जळणाऱ्या कॅलरीज पण कमी होतात, केस गळतात ते वेगळंच. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन जायला हवं आणि आपल्या घरच्या जेवणात तेच कमी पडतं. वाटीभर वरणात जेमतेम ६-७ ग्रॅम असतं, एका अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. म्हणून ताटात आधी अंडं, पनीर, चिकन, मासे, उसळ जे चालत असेल ते संपवायचं, मग भाजी, आणि भाकरीचा तुकडा जागा उरली तर. जेवताना पाणी नाही, नंतर अर्ध्या तासाने घोट घोट.

दुसरं म्हणजे सरकन खाली उतरणारं खाणं. चिकनचे चार तुकडे खाल्ले की पोट गच्च होतं, पण चहात बुडवलेली खारी, बिस्किटं, भडंग, आईस्क्रीम हे स्लीव्हमधून अडकत नाही, तासाभरात परत खाता येतं. पोट छोटं केलंय, पण त्या खाण्याला ते छोटं वाटतच नाही. उपवासाचं पण तसंच, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात श्रावण आला की आठवड्यात दोन-तीन दिवस प्रोटीन शून्याकडे. उपवास सोडवत नसेल तर दही, पनीर, दूध, राजगिरा यावर करा, घरातल्या मोठ्यांनाही ते पटतं.

थायरॉईडची गोळी चालू आहे म्हणताय ना, मग हे नक्की बघा. सर्जरीनंतर कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या वाढतात आणि बऱ्याच जणी सकाळी सगळ्या एकदम घेऊन टाकतात. कॅल्शियम आणि लोहामुळे थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही, मध्ये चार तासांचं अंतर हवं. मी थायरॉईडची उठल्या उठल्या घेते, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, लोह रात्री. पुढच्या फॉलोअपला टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी१२, व्हिटॅमिन डी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करून घ्या, आणि डिप्रेशनच्या किंवा स्टेरॉईडच्या गोळ्या असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यातल्या काहींनी वजन अडतं. गोळी मनाने बंद मात्र करू नका.

वजन आठवड्यातून एकदाच करा, पाळीच्या आधी तर नकोच, तेव्हा पाणी धरलेलं असतं. माझ्या शिंप्याच्या वहीत माझी जुनी मापं होती, काटा दीड महिना अडकलेला असताना त्याने ब्लाउज आत घ्यायला टेप लावला तर छाती आणि दंड दोन्ही कमी भरले, वहीत जुन्या मापावर काट मारून त्याने नवीन लिहिलं. तेव्हापासून मी घरी टेपनेच मोजते, कंबर आणि दंड. चालणं आहेच, पण सर्जननी परवानगी दिली असेल तर हलकी वजनं उचलायला लागा, स्नायू टिकायला त्याचा उपयोग जास्त.

आणि ते परत ऑपरेशन करून बायपास करून घ्यायचं जे कोणी सुचवलंय, ते चार महिन्यांत विचारात घ्यायचा विषयच नाही. निदान वर्ष-दीड वर्ष जाऊ दे, त्यानंतरही आधी एन्डोस्कोपी वगैरे करून पोट कसं दिसतंय, खाणं काय चाललंय ते बघूनच ठरवतात. उलट्या मात्र वारंवार होत असतील, पाणीसुद्धा टिकत नसेल तर थांबू नका, त्याच दिवशी सर्जनना फोन करा, त्यात बी१ व्हिटॅमिन पटकन कमी होतं आणि ते धोक्याचं असतं. रात्री नेमकं काय खात होतात ते कमेंटमध्ये लिहा, त्यात प्रोटीन कसं बसवायचं ते सांगते.