बोटुकली सोडल्यावर आठ-दहा दिवसांनी मासे का मरतात? माशांच्या हार्मोनचा प्रतिकारशक्तीशी काय संबंध?

तुम्ही लिहिलंय की सांगोल्याजवळ डाळिंबासाठी केलेल्या, प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. पहिला आठवडा सगळं ठीक होतं. नवव्या दिवसापासून अंगावर लाल चट्टे, शेपट्या झडलेल्या, आणि रोज पाच-दहा मासे मरून वर येतायत. पाणी तपासलं तर बरं निघालं. कुणीतरी सांगितलं की ताणाच्या हार्मोनने माशाची प्रतिकारशक्ती जाते. मग त्यावर हार्मोनचंच काही औषध मिळतं का, हा तुमचा प्रश्न.

सांगणाऱ्याने बरोबर सांगितलंय. औषध मात्र नाही, आणि कुणी विकायला आलं तर घेऊ नका.

मी सोलापुरात बरीच वर्षं कॉलेजला प्राणिशास्त्र शिकवलं, आणि मोहोळ तालुक्यात माझं स्वतःचं शेततळं आहे. प्रॅक्टिकलला रोहू उघडायचो तेव्हा आतडी आणि हवेची पिशवी बाजूला केली की पाठीच्या कण्याला चिकटलेला गडद लाल, लिबलिबीत पट्टा दिसायचा. ते माशाचं मूत्रपिंड. त्याचं डोक्याकडचं टोक, कल्ल्यांच्या अगदी मागचं, बोटाने दाबलं की काळजाच्या तुकड्यासारखं चुरतं. मुलं विचारायची, "सर, लघवी इथं तयार होते का?" मोठ्या माशात नाही होत. हा भाग रक्त बनवतो. आपल्या हाडांतला मगज जे काम करतो ते माशात इथे चालतं. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी इथेच तयार होतात.

आता तुमच्या प्रश्नाचं मर्म. आपल्याला मूत्रपिंडावर टोपीसारखी वेगळी ग्रंथी असते, ताणाचं हार्मोन म्हणजे कॉर्टिसॉल तिथून येतं. माशाला ती वेगळी ग्रंथीच नाही. कॉर्टिसॉल बनवणाऱ्या पेशी याच लाल पट्ट्यात, मोठ्या शिरांच्या कडेने विखुरलेल्या असतात. ॲड्रेनॅलिन सोडणाऱ्या पेशीही तिथेच. म्हणजे पांढऱ्या पेशी जिथे जन्मतात, तिथेच भिंतीला भिंत लागून ताणाचं हार्मोन तयार होतं. मला हे शिकवताना दरवर्षी नवल वाटायचं, अजूनही वाटतं.

मासा जाळ्यात सापडला, दाटीत कोंडला गेला, किंवा एका पाण्यातून एकदम वेगळ्या तापमानाच्या पाण्यात पडला की मेंदूतून पिट्यूटरीला, म्हणजे मेंदूखालच्या छोट्या ग्रंथीला, आणि पिट्यूटरीकडून या पट्ट्याला निरोप जातो. काही मिनिटांत रक्तातलं कॉर्टिसॉल चढतं. ते वाईट नसतं. त्याने माशाला ताकद मिळते, अंगातल्या क्षारांचा तोल सांभाळला जातो. ताण थोडा वेळच असेल तर प्रतिकाराच्या काही बाजू उलट जाग्या होतात, आणि तासाभरात म्हणा, दिवसभरात म्हणा, सगळं खाली येतं.

बिघडतं ते कॉर्टिसॉल चढलेलंच राहिलं की. रोहू-कटल्याच्या कुळातल्या कार्प माशांवरच्या प्रयोगांत दिसलंय की कॉर्टिसॉलमुळे प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या, कामाला लागलेल्या पेशी मरतात, आणि जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी मात्र जास्त टिकतात. रक्त तपासलं तर एक जात घटलेली आणि दुसरी वाढलेली दिसते. त्यात हाताळताना अंगावरची बुळबुळीत चिकटी निघून गेलेली असते. माशाचं पहिलं कवच तेच. पाण्यात एरोमोनास जातीचे जंतू एरवीही असतात, तुमच्या तळ्यात आहेत तसे माझ्याही. त्यांना वाट मोकळी मिळते. वाढायला काही दिवस लागतात, म्हणून चट्टे आठव्या-नवव्या दिवशी दिसतात आणि आपण त्या दिवशीच्या पाण्यात कारण शोधत बसतो.

माझ्याकडे एका जूनमध्ये हेच झालं. बोटुकलीच्या पिशव्या दुपारी दोनला आल्या, ऊन रणरणत होतं, घाई करून मी थेट ओतल्या. दुसऱ्या दिवशी पोरं मस्त पळत होती. आठव्या दिवशी शेपट्या झडल्या. मी बीजवाल्याला, म्हणजे बोटुकली विकणाऱ्याला, बोल लावला. त्याच गाडीतलं बीज शेजाऱ्याने दिवस मावळताना, पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगवून सोडलं होतं. त्याचा एकही मासा असा गेला नाही.

बाकी हार्मोनही यात आहेत. वाढीचं हार्मोन आणि प्रोलॅक्टिन प्रतिकाराला बळ देतात. विणीच्या काळात लिंग हार्मोन चढतात तेव्हा बहुतेक माशांत प्रतिकार ढिला पडतो, म्हणून अंडी धरलेल्या मादीला कापसासारखी बुरशी लवकर लागते. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, दिलं जाणारं हार्मोनचं इंजेक्शन फक्त वीण घडवण्यासाठी असतं. हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांनी 10 जुलै 1957 ला ओडिशात पिट्यूटरीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण घडवली, त्या तारखेला आपण मत्स्यशेतकरी दिन पाळतो. प्रतिकार वाढवण्याशी त्या इंजेक्शनचा संबंध नाही.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. शेततळं बागेसाठी असतं. मोटर चालू झाली की पाणी उतरत जातं, मासे तेवढेच राहतात. दाटी वाढते, पहाटे ऑक्सिजन कमी पडतो, आणि मासे वर येऊन तोंड उघडतात. हा ताण रोजचा. बोटुकली सोडल्याचा धक्का ओसरायच्या आत हा सुरू झाला तर कॉर्टिसॉल खाली यायला वेळच मिळत नाही.

आत्ता करा ते एवढंच. जाळं अजिबात ओढू नका, मेलेले मासे हातजाळीने सकाळीच काढा. चार-पाच दिवस खाद्य अर्ध्यावर आणा. पहाटे तीन ते सहा तळ्यातलंच पाणी मोटरने उचलून वरून कारंजासारखं पुन्हा तळ्यात पाडा. लाईटचं वेळापत्रक आड आलं तर छोटा डिझेल पंप भाड्याने घ्या. बागेला पाणी शक्य तितकं विहिरीचं द्या. अँटिबायोटिक तळ्यात ओतू नका.

पुढच्या खेपेला बीजवाल्याला सांगा, आदल्या दिवशी बोटुकली हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत, उपाशी ठेवून मगच भरा. पिशवीच्या पाण्यात दहा लिटरला वीस-पंचवीस ग्रॅम साधं मीठ चालतं, ताणात माशाच्या अंगातून क्षार झिरपतात ते थोडे वाचतात. सोडायचं संध्याकाळी. पिशवी तरंगवा, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घेत जा, आणि मासे आपण होऊन बाहेर पडू द्या.

बोटुकली किती वाजता सोडली होती आणि त्यानंतर तळं किती फूट उतरलं, एवढं मला लिहा. त्यावरून पुढचं सांगता येईल.