कौशल्य अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रावरील ‘स्तर ४’ म्हणजे बारावी उत्तीर्ण का?

आपल्या भावाने दहावीनंतर ३९० तासांचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण केला, त्याच्या प्रमाणपत्रावर ‘एनएसक्यूएफ (राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा) स्तर ४’ असे छापले आहे आणि बारावीचा स्तरही ४ च आहे, तर त्याला पदवीला थेट प्रवेश मिळेल का, असे आपण विचारले आहे. केवळ त्या आकड्याच्या बळावर मिळणार नाही. प्रवेशाच्या दिवसांत असे प्रमाणपत्र घेऊन येणाऱ्या मुलांना हे सांगणे मला जड जाते, कारण ‘हे बारावीसारखेच आहे’ असे कोणीतरी त्यांना आधी सांगितलेले असते.

स्तर हा शिक्षणाची पातळी दाखवतो, त्याचे प्रमाण नव्हे. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याच्या २०१३ च्या अधिसूचनेत जबाबदारीचा निकष पाहा: स्तर ४ वरील व्यक्ती स्वतःच्या कामाची व शिकण्याची जबाबदारी घेते, स्तर ५ वर त्यात इतरांच्या कामाची काही जबाबदारी येते आणि स्तर ६ वर ती पूर्ण होते. नेमून दिलेली दुरुस्ती बिनचूक करणारा आणि हाताखालच्या माणसांची दुरुस्ती तपासून देणारा, असा हा फरक आहे.

प्रमाण श्रेयांकांनी, म्हणजे क्रेडिट्सनी, मोजतात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार ३० तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक मिळतो आणि पूर्ण शैक्षणिक वर्ष १२०० तासांचे, म्हणजे ४० श्रेयांकांचे धरले जाते. या हिशेबाने भावाचे १३ श्रेयांक होतात. बारावीचे एकच वर्ष ४० श्रेयांकांचे असते, शिवाय त्यात भाषा आणि इतर विषयांची मंडळाची परीक्षा असते.

प्रवेशाची पात्रता तर या दोन्हींहून वेगळी बाब आहे. ती प्रवेश देणारे विद्यापीठ किंवा भरती करणारी संस्था आपल्या नियमांत ठरवते, आणि तेथे ‘बारावी किंवा समकक्ष’ असे लिहिले असेल तर समकक्षतेचा लेखी पुरावा लागतो.

प्रमाणपत्राचे वर्षही पाहावे, कारण मूळ कौशल्य पात्रता आराखड्यात दहा स्तर होते, तर सुधारित आराखड्यात आठच आहेत आणि मध्ये ४.५, ५.५ असे अर्धे स्तर आले आहेत. त्यामुळे जुना ७ आणि आजचा ७ एक नव्हेत.

प्रमाणपत्रावरील पात्रतेचा संकेतांक राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत शोधून स्तर व तास पडताळून घ्या, आणि भावाचे श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या डिजिटल खात्यात, जमा झाले आहेत का, हे प्रशिक्षण संस्थेला लेखी विचारा. पदवीचा विचार पक्का असेल, तर मुक्त विद्यालयातून बारावी करण्याचा अर्ज त्याने याच वर्षी भरावा.