पॉलिसी पतीची, दुखापत पत्नीची: न्यू जर्सीत दावा करता येतो का?

प्रश्न: एडिसनमध्ये चौदा महिन्यांपूर्वी मी सिग्नलला थांबले असताना मागून येणारी गाडी माझ्या गाडीवर आदळली. मनगटाचे हाड मोडले आणि मानेचे दुखणे अजून सुरूच आहे. उपचारांचा खर्च आमच्याच विमा कंपनीने दिला. पॉलिसी पतीच्या नावावर असून तीत ‘लिमिटेशन ऑन लॉसूट’ (दावा करण्याच्या हक्कावर मर्यादा घालणारा पर्याय) आहे. त्यामुळे दावा करता येणार नाही, असे परिचित सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर: अर्धेच खरे आहे. न्यू जर्सीत चूक कोणाचीही असली तरी जखमीच्या उपचारांचा खर्च आधी त्याच्याच वाहन विम्यातील ‘पीआयपी’ (पर्सनल इन्ज्युरी प्रोटेक्शन, म्हणजे वैयक्तिक इजेसाठीच्या) संरक्षणातून भागवला जातो. मात्र चूक करणाऱ्या चालकाची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. आपल्या पतींनी, बहुधा हप्ता कमी यावा म्हणून, निवडलेला पर्याय आपली स्वतंत्र पॉलिसी नसल्यास एकाच घरात राहणाऱ्या पत्नीलाही बांधून ठेवतो. मला ही तरतूद कठोर वाटते, पण ती निःसंदिग्ध आहे.

या पर्यायामुळे शारीरिक व मानसिक यातनांची भरपाई केवळ मृत्यू, अवयव गमावणे, लक्षणीय विद्रूपता किंवा व्रण, गर्भहानी, जागेवरून सरकलेले फ्रॅक्चर आणि कायमस्वरूपी इजा एवढ्याच बाबतींत मागता येते. म्हणून मनगटाच्या एक्स-रे अहवालात हाड सरकल्याची नोंद आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. ती असल्यास मानेची इजा कायमची आहे की नाही, या वादावर दावा अडणार नाही.

तशी नोंद नसेल, तर सगळी भिस्त मानेवर राहील, आणि तेथे ‘अजून दुखते’ एवढे सांगून भागत नाही. प्रतिवादीने उत्तर दाखल केल्यापासून 60 दिवसांत, एमआरआयसारख्या वस्तुनिष्ठ पुराव्यावर आधारलेले आणि इजा कायमची असल्याचे सांगणारे डॉक्टरांचे प्रमाणपत्र द्यावे लागते. समोरचे वकील ही वयोमानाची झीज असल्याचे म्हणतील, हे गृहीत धरून जुने अहवाल असल्यास ते डॉक्टरांना आताच दाखवावेत. इजेचा जीवनावर गंभीर परिणाम झाल्याचे वेगळे सिद्ध करण्याची गरज मात्र 2005 च्या डिप्रॉस्पेरो खटल्यापासून उरलेली नाही.

पीआयपीतून न मिळालेले बुडालेले वेतन या मर्यादेत येत नाही. ते स्वतंत्रपणे मागता येते. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे आणि विमा कंपनीशी तडजोडीची बोलणी सुरू असली तरी ही मुदत थांबत नाही. तेव्हा उरलेल्या दहा महिन्यांतले पहिले काही आठवडेच कागदपत्रांसह तेथील वकिलाला भेटण्यासाठी वापरावेत.