छायाचित्र-प्रश्नोत्तरे : लाइक भरपूर, काम नाही

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न कॅमेऱ्याचे नाहीत, फोटो ऑनलाइन टाकल्यानंतरचे आहेत. त्यांतले सहा घेतले आहेत.

प्रश्न : सर, मी कळव्याला राहतो, वय २३. तलाव, स्टेशन, पावसातल्या रिक्षा असे फोटो इन्स्टाग्रामवर टाकतो. लाइक येतात, पण दोन वर्षांत एकही काम आलं नाही. माझे फोटो कमी पडतात का?

उत्तर : तू पाठवलेल्या लिंकवरचे फोटो पाहिले. कमी पडत नाहीत. तलावपाळीवरच्या भेळवाल्याचा फोटो तर मी परत जाऊन पाहिला. पण त्याखाली लिहिलंय काय, तर 'मूड' आणि एक लाल बदाम. उद्या दिवाळी अंकाची मांडणी करणाऱ्या माणसाला ठाण्याच्या तलावाचा फोटो हवा असेल, तर तो 'मूड' असं शोधणार आहे का?

इन्स्टाग्रामवर आज टाकलेला फोटो परवा खाली गेलेला असतो. ओळखीपाळखीसाठी ते ठीक आहे. सापडण्यासाठी संग्रह लागतो. २००४ साली सुरू झालेलं फ्लिकर हे फोटो ठेवायचं संकेतस्थळ अजून चालू आहे आणि त्याची रचना संग्रहासारखी आहे : टॅग, अल्बम, एकेका विषयाचे ग्रुप. फुकट खात्यात १००० फोटो मावतात, तुला पुष्कळ झाले. गेट्टी इमेजेस या फोटो विकणाऱ्या कंपनीने २००८ मध्ये फ्लिकरशी करार केला होता. त्यांचे संपादक हौशी लोकांच्या खात्यांतून फोटो निवडायचे आणि विक्रीला ठेवायचे. २०१४ मध्ये ते थांबलं, पण त्यामागचं तर्कशास्त्र बदललेलं नाही. निवडणाऱ्याच्या नजरेला फोटो आधी पडावा लागतो.

म्हणून नवे फोटो काढणं महिनाभर थांबव आणि जुन्यांतले तीसेक निवड. प्रत्येकाखाली काय, कुठे, कधी हे लिही, मराठीत आणि इंग्रजीतही : 'मासुंदा तलाव, तलावपाळी, ठाणे. जुलै, संध्याकाळ.' प्रोफाइलमध्ये ईमेल ठेव. डीएमवर (इन्स्टाग्रामच्या खासगी मेसेजवर) विसंबू नकोस, अनोळखी माणसाचा मेसेज तिथे रिक्वेस्टच्या ढिगात पडून राहतो.

दुसरं, दुसऱ्यांच्या फोटोंवर बोल. 'नाइस क्लिक' लिहिल्याने कुणी कुणाच्या लक्षात राहत नाही. 'खिडकीतून येणारा प्रकाश एवढा मऊ कसा मिळाला?' असं विचारलंस तर समोरचा उत्तर देतो. लग्नाच्या सीझनमध्ये ऐनवेळी जोडीला माणूस लागला की फोटोग्राफर फॉलोअर मोजत बसत नाही. ज्याच्याशी बोलणं झालंय त्याला फोन लावतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांची पहिली कामं अशीच आली आहेत.

प्रश्न : मी नेरूळची, नोकरी सांभाळून पक्ष्यांचे फोटो काढते. माझा फ्लेमिंगोंचा फोटो एका बिल्डरला ब्रोशरसाठी हवा आहे. पैसे नाहीत, 'क्रेडिट देऊ' म्हणतात. देऊ का?

उत्तर : नका देऊ. फोटोखाली तुमचं नाव असणं ही त्यांची मेहेरबानी नाही. आपल्या कलाकृतीवर आपलं नाव असावं हा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच आहे. तुम्ही स्वतःहून, स्वतःसाठी काढलेल्या फोटोचा कॉपीराइट काढल्या क्षणापासून तुमचा असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. ब्रोशर छापणारा कागदाचे पैसे देतो, छपाईचे देतो, मग फोटोचेच का नाही? (पाणथळ जागांच्या कडेने टॉवर उभे करायचे आणि ब्रोशरवर फ्लेमिंगो छापायचे, हा विनोद नवी मुंबईकरांना समजावून सांगायला नको.) ईमेलवर चारच गोष्टी ठरवा : कुठे वापरणार, किती काळ, किती प्रती आणि रक्कम. एवढं विचारलं की अर्धे लोक गायब होतात. होऊ द्या.

शाळेला, निसर्गाचं काम करणाऱ्या गटाला मात्र हात आखडू नका. त्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे आपलं काम इतरांना फुकट वापरू देण्याचे, तयार परवाने आहेत. 'बाय' म्हणजे नाव द्या आणि वापरा. 'बाय-एनसी' म्हणजे नाव द्या, पण व्यापारासाठी नको. एकदा दिलेला परवाना त्या प्रतीपुरता मागे घेता येत नाही, तेव्हा विचार करून द्या. आणि विकिपीडियासाठी 'एनसी' चालत नाही.

तुमच्यासाठी आणखी एक दार आहे. ठाणे खाडीचा फ्लेमिंगोंचा पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. तिथल्या नोंदींना मोल आहे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पक्ष्यांच्या यादीसोबत फोटो चढवले की ते कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅकॉले लायब्ररीत जातात. कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, मात्र त्यांना वापराची परवानगी मिळते. एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत कडं किंवा पट्टी दिसली तर फोटो मोठा करून त्यावरची अक्षरं वाचा आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. त्या कड्यावरून तो पक्षी कुठे पकडून सोडला होता ते शोधता येतं. पक्ष्यांचे अभ्यासक तुमचं नाव अशा नोंदींमुळे ओळखू लागतात. पुस्तकासाठी, प्रदर्शनासाठी फोटो हवे असले की विचारणा तिकडून येते.

प्रश्न : डोंबिवलीत लग्नाचे फोटो काढतो. एका वधूने माझ्या पेजवरचे तिचे फोटो काढून टाकायला सांगितले. फोटो मी काढलेत, मग हक्क माझाच ना?

उत्तर : इथे गफलत होते. पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक आपल्या कायद्यानुसार काम सांगणारा असतो. वेगळा करार केला असेल तरच वेगळं. तेव्हा फोटो आजच काढा आणि पुढच्या वेळेपासून बुकिंगच्या कागदावरच एक ओळ घाला : निवडक फोटो कामाचा नमुना म्हणून ऑनलाइन टाकण्यास संमती आहे / नाही. टाकण्याआधी ते पंधरावीस फोटो दाखवा. बहुतेक घरं आनंदाने हो म्हणतात आणि मग मावश्या-आत्या स्वतःच ते शेअर करतात. त्याहून चांगली जाहिरात विकत मिळत नाही.

प्रश्न : येऊरला घुबडाचं घरटं सापडलं आहे. लोकेशनसकट टाकू का? ग्रुपमध्ये सगळे विचारताहेत.

उत्तर : नाही. पुढच्या रविवारी तिथे वीस लेन्स आणि पक्ष्याला बोलावायला मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणारे उभे राहतील. 'ठाणे जिल्हा' एवढंच लिहा, तेही पिल्लं उडून गेल्यावर. फोटोच्या फाइलमध्ये जीपीएसची, म्हणजे ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते, ती आधी पुसा. आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण आपोआप धूसर होतं, बाकीच्यांचं तुम्हाला करता येतं. ग्रुपमधले रुसतील, रुसू द्या.

प्रश्न : फोनवरचे फोटो गंभीरपणे घेतले जातात का?

उत्तर : घेतले जातात. फक्त मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून, दाबून लहान होऊन आलेला फोटो छपाईला चालत नाही.

प्रश्न : मी नौपाड्यात राहतो, निवृत्त आहे. वडिलांनी १९६०-७० च्या दशकांत काढलेल्या ठाण्याच्या निगेटिव्हचा डबा आहे. मुलं म्हणतात टाका इंटरनेटवर. कुणाला त्यात रस असेल का?

उत्तर : काका, तुमचा डबा या पानावरच्या बाकी सगळ्यांच्या फोटोंहून मोलाचा आहे. आज बुजवलेले तलाव, पाडलेले वाडे, बदललेले रस्ते त्यात असतील, आणि ते आता कुणीच पुन्हा टिपू शकत नाही.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००८ मध्ये आपले जुने फोटो फ्लिकरवर ठेवले. लोकांनी खाली लिहायला सुरुवात केली : हा अमुक पूल, ही तमुक व्यक्ती. तपासून ती माहिती लायब्ररीने स्वतःच्या नोंदींत घेतली. तुमच्या बाबतीतही तसंच होईल. दुकानाची पाटी पाहून कुणाला आपल्या आजोबांची गिरणी ओळखू येईल, कुणी वर्ष सुचवेल. सुचवलेलं वर्ष लगेच पक्कं धरू नका. 'अंदाजे' लिहून ठेवा.

वडिलांचे हक्क वारसांकडे येतात, म्हणून भावंडांची संमती आधी घ्या, लेखी. घरातले फोटो बाजूला काढा. रस्ते-इमारतींचे विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोसंग्रहात ठेवायचे असतील तर तिथे वारस म्हणून परवानगीचा ईमेल पाठवावा लागतो, नातवाला सांगा.

निगेटिव्ह फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरवर स्कॅन करायच्या तर निगेटिव्हची सोय असलेलाच स्कॅनर हवा. स्टुडिओत देणार असाल तर डबा सगळा एकदम सोडून येऊ नका, एक पट्टी करून घ्या, नीट आली तर पुढची. बोटं फक्त कडेला लावा. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ निगेटिव्ह रद्दीत जाऊ देऊ नका. आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून कोरड्या कपाटात ठेवा, ठाण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर तर मुळीच नको.