'आमची हरकत नाही' या पत्रावर विसंबू नका

एम.ए.च्या प्रकल्पासाठी मराठी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद करताय, परवानगीचं काय करावं, असं विचारणारी तुमची पोस्ट वाचली आणि बारा वर्षांपूर्वीची मीच समोर आले. इंग्रजी एम.ए.चं दुसरं वर्ष, प्रकल्प म्हणून मराठी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद, साठ पानं हातावेगळी, आणि परवानगीचा विषय काढला की मार्गदर्शक म्हणतात, "आधी काम तर करा."

प्रकल्पाची मांडणी, प्रस्तावनेत थिअरी किती घालायची वगैरे तुम्हाला विभागात सांगतीलच, ते सोडून देते. (मी वकील नाही. अंगावर आलं तेवढंच सांगतेय.)

परवानगी मी घेतली होती हो! मूळ प्रकाशकाच्या कचेरीत सात महिने खेटे घातले. "साहेब बाहेरगावी आहेत." "तुमचा अर्ज सापडत नाहीये, परत द्या." "दिवाळी अंकांची गडबड आहे, नंतर या." शेवटी लेटरहेडवर एक ओळ मिळाली : सदर अनुवादास आमची हरकत नाही. मी ते पत्र लॅमिनेट केलं. एम.ए. झालं, पुढे तीन वर्षं खपून उरलेली कादंबरी पूर्ण केली. एका इंग्रजी प्रकाशनाला ती आवडली आणि करार करताना त्यांनी साधा प्रश्न विचारला, अनुवादाचे हक्क कुणाकडे? तेव्हा कळलं की त्या कचेरीकडे फक्त मराठी पुस्तक छापायचे हक्क होते. अनुवादाचे हक्क लेखकाच्या वारसांचे. वारस चार. थोरल्या मुलीने फोनवर शांतपणे विचारलं, "चार वर्षं काम करताय आणि आम्हाला आज सांगताय?" बाकी तिघं तयार होते, पण बाई हलल्या नाहीत, आणि चौघांच्या सह्यांशिवाय प्रकाशन करार करेना. हस्तलिखित अजून कपाटात आहे.

चूक माझीच. हक्क कुणाचे ते पुस्तकातच छापलेलं असतं. पण मी वापरत होते ती ग्रंथालयाची प्रत, आणि त्यांचा जांभळा शिक्का नेमका 'सर्व हक्क :'च्या पुढच्या नावावर बसलेला. दुसरी प्रत उघडून बघायचं सुचलं नाही. तरी सात महिन्यांत कचेरीतल्या एकालाही "हे आमच्याकडे नाही, त्यांच्या मुलीला विचारा" म्हणावंसं वाटू नये, याचा राग जात नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतात. संशोधनापुरत्या वापराला कायद्यात सवलत आहे, त्यामुळे परीक्षेपुरत्या प्रकल्पाला सहसा कुणी अडवत नाही. छापायचं किंवा ब्लॉगवर टाकायचं म्हटलं की गोष्ट वेगळी. पुढे पीएच.डी. करणार असाल तर प्रबंध शोधगंगेवर (विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) सगळ्यांना खुला होतो, हेही ध्यानात असू द्या.

माझं मत विचाराल (अनेकांना पटणार नाही) तर पहिला अनुवाद हक्क संपलेल्या लेखकाचाच घ्यावा. हरिभाऊ आपटे १९१९ ला गेले, वामन मल्हार जोशी १९४३ ला, साने गुरुजी १९५० ला. फक्त नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा दुसऱ्या कुणाच्या असतात, त्यांना हात लावू नका. जुन्या शब्दांना घाबरू नका, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येते.

खरा त्रास शब्दांचा नाहीच, 'अहो'चा आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात प्रत्येक 'अहो'चं 'लिसन' झालं होतं, आणि नवऱ्याला हाक मारणारी ती गरीब बाई इंग्रजीत चक्क फौजदार वाटायला लागली. शेवटी 'अहो' तसंच ठेवलं, तळटीपसुद्धा दिली नाही. काही परीक्षकांना हे चालत नाही, तेव्हा आधी विचारून घ्या.

तुमची कादंबरी हक्कातली असेल तर आजच शिक्का नसलेली प्रत शोधा. वारसांना पत्र मराठीत लिहा, सोबत अनुवादाची आठ-दहा पानं जोडा, आणि वारस एकाहून जास्त असतील तर सगळ्यांना एकाच दिवशी पाठवा. आमच्याकडे धाकट्याला आधी कळलं होतं, तेही थोरलीला लागलं असावं.