हौशी कारागिराच्या रिव्हॉल्व्हरला गुण कसे द्यावेत?

प्रश्न : व्यापारी जहाजांच्या इंजिनखोलीत २६ वर्षे फिटर म्हणून काम करून मी आता गुहागरला स्थायिक झालो आहे. माझा भाचा अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात असतो. तेथील कायद्यात राहून त्याने आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचे रूप घरच्या गॅरेजात पालटले आहे. पृष्ठभाग नव्याने घासून त्यावर निळसर काळी झळाळी चढवली, अक्रोडाची मूठ बसवली आणि काही स्क्रू बदलले. छायाचित्रे पाठवून तो विचारतो, ‘मामा, दहापैकी किती गुण?’ मला लोखंड कळते, हत्यार कळत नाही. गुण कशावर द्यावेत?

उत्तर : लोखंड कळते, म्हणजे निम्म्याहून अधिक काम झालेच आहे, कारण या प्रकारच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हौशी माणूस जे काम करतो ते बहुतेक कानशीचे, पॉलिश पेपरचे आणि डोळ्याचे असते. सिंगल ॲक्शन म्हणजे दर वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढून चढवावा लागतो आणि चाप केवळ तो सोडतो. कोल्ट कंपनीने १८७३ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी काढलेले रिव्हॉल्व्हर हा या घराण्याचा मूळपुरुष. रूगर कंपनीने १९५५ मध्ये ब्लॅकहॉक बाजारात आणले, तेव्हा बाहेरचा घाट तोच ठेवून आतल्या पट्टीच्या स्प्रिंगांच्या जागी गुंडाळीच्या, सहसा न तुटणाऱ्या स्प्रिंगा घातल्या. आतले भाग मोजके, बाहेरचा आकार साधा आणि मूठ, तिची चौकट, नळी हे सगळे वेगवेगळे जोडलेले, म्हणूनच हौशी माणसाला हे हत्यार हात घालण्याजोगे वाटते. १९२० च्या दशकात एल्मर कीथ या अमेरिकी बंदूक-लेखकाने कारागिरांकडून घडवून घेतलेले ‘नंबर ५’ हे रिव्हॉल्व्हर आजही या छंदातल्या लोकांचा आदर्श मानले जाते. त्याची मूठ कोल्टच्याच दोन वेगळ्या नमुन्यांच्या चौकटी जुळवून केलेली होती, आणि सांधा असूनही ती एकसंध दिसते, हेच तिचे कौतुक.

आता गुणांकडे वळू. मी स्वतः दहापैकी चार गुण घासकामाला देतो, आणि ते झळाळीला नव्हे, हे भाच्याला आधीच सांगून ठेवावे. निळसर काळी झळाळी म्हणजे पोलादावर मुद्दाम वाढवलेला लोखंडाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. हा थर खालची कोणतीही चूक झाकत नाही, उलट आरशासारखी दाखवतो. घाईने किंवा कापडी चाकावर धरून घासले की तीन गोष्टी हमखास घडतात. सरळ कडा गोल होतात, सपाट बाजू लाटांसारख्या होतात आणि स्क्रूच्या भोकांच्या तोंडाशी बशीसारखा खळगा पडतो. चौथी गोष्ट म्हणजे कंपनीची ठसवलेली अक्षरे आणि अनुक्रमांक पुसट होतात. आपण इंजिनखोलीत व्हॉल्व्हची बैठक पाहताना दिव्याचा झोत तिरपा धरत असाल, तसेच येथेही करावे. भाच्याला सांगावे की समोरून काढलेली देखणी छायाचित्रे नकोत, ट्यूबलाइटखाली हत्यार तिरके धरून त्याच्या चौकटीच्या, म्हणजे मधल्या सांगाड्याच्या, सपाट बाजूवर पडलेले नळीदिव्याचे प्रतिबिंब टिपून पाठव. प्रतिबिंब सुतासारखे सरळ असेल तर माणसाने लाकडी ठोकळ्यावर पेपर ताणून, हाताने, धीराने घासले आहे असे समजावे. ते भरतीच्या पाण्यासारखे हलताना दिसले तर यंत्राने घाई केली आहे. नळीच्या बाजूची अक्षरे तळापासून वरपर्यंत सारख्या खोलीची दिसली तर एक गुण वाढवावा, कारण ती वाचवत भोवतालचे काम करणे कंटाळवाणे असते आणि हौशी माणूस सर्वांत आधी तेथेच थकतो.

रंगाबद्दल एक सावधगिरी. जुन्या कोल्टच्या चौकटीवर जे निळे, करडे, तपकिरी ढग दिसतात, ते हाडे आणि लाकडाचा कोळसा यांत चौकट तापवून एकदम पाण्यात बुडवल्याने उठतात, आणि त्या प्रक्रियेचा खरा हेतू पृष्ठभाग कठीण करणे हा असतो. बाटलीतल्या रसायनाने तसेच ढग रंगवता येतात, पण ते नजरेला लगेच कळतात. खऱ्या रंगांची एकमेकांत विरघळणारी सीमा त्यांना नसते, ते डागांसारखे अलग अलग बसतात. न तापवता लावायच्या, निळसर झळाळी देणाऱ्या रसायनाचेही तसेच आहे. छायाचित्रात छान दिसते, मात्र हाताळणीने कडांवरून लवकर निघून जाते. भाच्याने हे केले असेल तर गुण कापू नयेत, पण ‘अस्सल’ हा शब्द त्याला वापरू देऊ नये.

तीन गुण लाकडाचे. मूठ आणि पोलादी चौकट जेथे भेटतात ती रेघ संपूर्ण लांबीत पाहावी. लाकूड धातूपेक्षा केसभर वर उभे असेल तर ते मुद्दाम ठेवले की राहून गेले, हे त्याच्या सारखेपणावरून कळते, आणि लाकूड धातूच्या खाली गेले असेल तर मात्र काम बिघडले, कारण ते पुन्हा वर आणता येत नाही. काही जण पोलाद आणि लाकूड एकत्र घासतात, त्यामुळे रेघ बोटाला लागत नाही, पण ती मूठ मग दुसऱ्या कोणत्याही चौकटीवर नीट बसत नाही. हे चांगले की वाईट याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. मला ते आवडते. आणखी एक गोष्ट आपण कोकणात राहत असल्यामुळे चटकन ध्यानात येईल. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत बसवलेले अक्रोड आषाढात गुहागरला आले असते तर फुगून चौकटीबाहेर डोकावले असते, जशी आपल्याकडे पावसाळ्यात दारे चौकटीत अडकतात. म्हणून सांध्याची मापे तो कोणत्या हवेत घेतो आणि लाकडाची आतली बाजूही तेल किंवा वार्निश लावून बंद केली आहे का, हे त्याला अवश्य विचारावे. बाहेरून चकाकणारी आणि आतून कोरी मूठ हे अर्धवट कामाचे सर्वांत पक्के लक्षण आहे.

स्क्रूंना दोन गुण पुरेसे आहेत. खाचेच्या कडा फाटलेल्या दिसल्या तर त्याने जाडीला न जुळणारा स्क्रू ड्रायव्हर वापरला. सगळ्या खाचा एकाच दिशेला उभ्या दिसल्या तर तो माणूस थोडा वेडा आहे आणि आपल्याला तो आवडायला हवा. उरलेला एक गुण कल्पनेला, म्हणजे काय बदलायचे नाही हे त्याला कळले का, यासाठी.

आतल्या कामाला छायाचित्रावरून गुण देऊच नयेत. जुन्या पद्धतीच्या कोल्टचा घोडा चढवताना चार स्वच्छ खटके ऐकू येतात, सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता भाग) आणि नळी यांच्यामध्ये साधारण ०.१० ते ०.१५ मिलिमीटरची फट असावी लागते, आणि घोडा पूर्ण चढला की सिलिंडरला हलायला जागा उरता कामा नये. हे सारे हातात घेऊन, रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, तेथल्या परवानाधारक जाणकाराने तपासावे. चाप हलका करण्याचा मोह हौशी माणसांना फार असतो. भाच्याने तसे काही केले असल्यास कौतुकाआधी त्याला तपासणीला पाठवावे.

प्रश्न : आमच्या घरी देवगडला आजोबांच्या काळापासूनचे रिव्हॉल्व्हर आहे, आणि परवाना आता माझ्या नावावर आहे. त्याची झळाळी उडाली आहे, तांबेऱ्याचे ठिपके आले आहेत. वरील प्रकारे घासून, शिसवीची नवी मूठ बसवून मी ते स्वतः नवे करू का?

उत्तर : करू नये. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्र बाळगण्याचा परवाना आणि शस्त्राची दुरुस्ती किंवा रूपांतर करण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिला असला म्हणून दुसरे काम करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मिती, रूपांतर आणि दुरुस्ती यांची शिक्षा किमान सात वर्षे ते जन्मठेप इतकी कडक झाली आहे. याशिवाय घासताना अनुक्रमांक पुसला गेला तर ‘चुकून झाले’ हे सांगणे फार कठीण जाते, कारण ओळखचिन्ह नाहीसे करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. मूठ बदलायची असली तरी परवानाधारक शस्त्रदुरुस्ती दुकानातच न्यावी, आणि नेताना परवाना सोबत ठेवावा.

आपल्या हाती जे आहे ते जपणुकीचे काम, आणि समुद्रकाठी ते थोडे नाही. खाऱ्या वाऱ्यात पोलादाला एका पावसाळ्यात तांबेरा चढतो. हत्यार चामड्याच्या म्यानात कधीही साठवून ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरते आणि कमावताना त्यात राहिलेले क्षार पोलाद खातात. ते कोरडे पुसून, बंदुकीसाठीचे पातळ खनिज तेल हलके लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलूपबंद ठेवावे. घरात असते म्हणून खोबरेल लावण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ते खवटते, आम्लधर्मी होते आणि घट्ट होऊन खटके अडवते. जुनी, झिजलेली झळाळी संग्राहकांना नव्या झळाळीपेक्षा अधिक प्रिय असते, हेही आजोबांच्या आठवणीसाठी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : मी सावंतवाडीचा. घरी लाकडी खेळण्यांचे लेथवरचे काम चालते. रिव्हॉल्व्हरच्या मुठीवर असते तशी चौकडीची कोरीव नक्षी शिकायची आहे, पण हत्याराशी संबंध नको. सुरुवात कशावर करावी?

उत्तर : लाकडाच्या ठोकळ्यावर, आणि तेही पांगाऱ्यावर नव्हे. आपल्या खेळण्यांचे ते हलके लाकूड नक्षीच्या टोकांना धरत नाही, ती चुरतात. शिसव घ्यावे. जगभर मुठींना ते वापरतात आणि बारीक टोके त्यावर टिकतात. चौकडी म्हणजे दोन तिरप्या दिशांच्या समांतर खाचांचे जाळे, आणि पहिल्या दोन रेघा चुकल्या की पुढच्या सगळ्या त्यांच्यामागे चुकत जातात, म्हणून पहिल्या दोन पेन्सिलीने आखून दिवसभर तशाच ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी ताज्या नजरेने पाहाव्यात. मुठीच्या आकाराचा ठोकळा कापताना लाकडाच्या अंगच्या रेषा मुठीच्या लांबीत धावतील असे पाहावे. त्या आडव्या गेल्या तर खालच्या मागल्या कोपऱ्याचा तुकडा कोरतानाच हातात येतो.