वाचकांचे प्रश्न : दुखापतीनंतर पुन्हा बांधकामावर

बांधकामावर जखमी झालेल्या कामगारांच्या पुनरागमनाविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर जाणीवपूर्वक सविस्तर दिले आहे, कारण उरलेल्या दोन पत्रांतील अडचणीही बऱ्याच अंशी त्याच ठिकाणी सुरू होतात.

प्रश्न : मी एका बांधकामावर पर्यवेक्षक आहे. आमचा एक अनुभवी गवंडी परांचीवरून घसरून पडला. हाड मोडले नाही, पण कमरेला जबर मार बसला आणि तो ७ आठवडे घरी आहे. आता डॉक्टरांनी ‘हलके काम करण्यास हरकत नाही’ असे लिहून दिले आहे. आमच्याकडे हलके काम नसतेच. तो पूर्ण बरा झाल्यावरच यावा, हे योग्य नाही का?

उत्तर : आपला हेतू चांगला आहे, परंतु हाड मोडलेले नसताना आणि मज्जातंतूंना इजा झालेली नसताना कमरेच्या दुखापतीत ‘आधी पूर्ण बरे होणे, मग काम’ हा क्रम बहुधा उलटाच ठरतो. अमेरिकेतील रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कंबरदुखीच्या काही रुग्णांना २ दिवस, तर काहींना ७ दिवस अंथरुणात विश्रांती घेण्यास सांगितले होते; ज्यांना २ दिवसांचीच विश्रांती सांगितली, त्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. हालचाल थांबली की स्नायूंची ताकद आणि दम दोन्ही घटतात, आणि माणूस जितका अधिक काळ कामापासून दूर राहतो तितके परतणे अवघड होते. म्हणून बेताने केलेले काम हा उपचाराचाच भाग मानावा लागतो. मात्र पायातील ताकद कमी होणे, जांघेच्या भागात बधिरपणा येणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही जाणवल्यास कामाचा विचार बाजूला ठेवून त्याला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

आता ‘हलके काम’ या शब्दांकडे वळतो, कारण माझ्या मते खरी अडचण या दोन शब्दांतच आहे. डॉक्टरांनी बहुधा आपले बांधकाम पाहिलेले नसते आणि आपल्याला वैद्यकीय भाषा कळत नाही, त्यामुळे दोघांच्या मधोमध कामगार अडकतो. आपण गवंड्याच्या कामाचे तुकडे करून एका कागदावर लिहावेत : विटा उचलणे, मसाला कालवणे, घमेले वाहणे, गुडघ्याखालच्या थरांवर वाकून काम करणे, छातीच्या उंचीवर रचणे, शिडी चढणे, ओळंबा व पातळी तपासणे. प्रत्येक तुकड्यापुढे किती वजन, दिवसातून साधारण किती वेळा आणि सलग किती वेळ, हे नमूद करावे आणि तो कागद कामगारासोबत डॉक्टरांकडे पाठवावा. ‘हलके काम चालेल का’ या प्रश्नाला डॉक्टर एका शब्दात उत्तर देतात, पण ‘१० किलो वजन गुडघ्याखालून दिवसातून २० वेळा उचलता येईल का’ असे विचारल्यास त्यांना नेमके उत्तर द्यावेच लागते. ब्रिटनमध्ये २०१० साली आजारपणाच्या जुन्या दाखल्याची जागा नव्या नमुन्याने घेतली, तीही याच विचाराने. कामाचे तास टप्प्याटप्प्याने वाढवणे, वेळ बदलणे, कामाचे स्वरूप बदलणे आणि जागेत सुधारणा करणे असे पर्याय डॉक्टर त्यावर सुचवू शकतात.

असा कागद समोर असला की हलके काम नसल्याची तक्रार बरीचशी विरते. गुडघा ते छाती या पट्ट्यातील रचाई तो करू शकेल आणि खालचे थर दुसरा गवंडी घेईल. विटा जमिनीवर न टाकता कमरेइतक्या उंचीच्या फळीवर रचून ठेवल्या तर सर्वांत त्रासाचे वाकणे टळते, आणि त्याचा फायदा धडधाकट माणसांनाही होतो. वजनाबाबत एक अंदाज देतो : अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही उचलण्याच्या वजनाची शिफारस केलेली कमाल मर्यादा २३ किलो आहे, आणि वाकून, वळून किंवा शरीरापासून दूर धरून उचलल्यास ती झपाट्याने खाली येते. तासांची वाढही आधीच ठरवावी. उदाहरणार्थ, पहिले २ आठवडे अर्धा दिवस, पुढचे २ आठवडे पाऊण दिवस, आणि प्रत्येक आठवड्याच्या शेवटी त्याच्याशी बसून बोलणे. काम केल्यावर थोडे दुखणे अपेक्षित आहे. ते रात्रीतून ओसरत असेल तर वाढ चालू ठेवावी, दुसऱ्या दिवशीही चढलेलेच असेल तर एक पायरी मागे यावे.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात पात्रिक लुआझेल यांच्या गटाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कंबरदुखीमुळे ४ आठवड्यांहून अधिक काळ घरी असलेले कामगार होते. दवाखान्यातील उपचारांना कामाच्या जागेवरील बदलांची जोड मिळाली, तेव्हा ते नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत २.४ पट वेगाने आपल्या मूळ कामावर परतले. आणि हे बदल ठरवताना कामगार आणि त्याचा पर्यवेक्षक एकत्र बसले होते. म्हणजे आपली जागा डॉक्टरांच्या मागे नाही, त्यांच्या शेजारी आहे.

एक गोष्ट कृपया करू नये. जखमी माणसाला फाटकाजवळ खुर्ची टाकून दिवसभर बसवून ठेवणे म्हणजे काम देणे नव्हे. ज्याच्या हाताखाली भिंती उभ्या राहिल्या, त्याला ती खुर्ची अपमानाची वाटते आणि जोडीदारही त्याला फुकट पगार घेणारा समजू लागतात. त्याच्या वाटचे जड काम कोणावर पडणार आहे, हे टोळीला आधीच सांगून त्यासाठी एक माणूस जादा द्यावा. आणि ७ आठवड्यांत आपण त्याला फोन केला नसेल, तर आजच करावा. ‘कधी येतोस’ असे न विचारता ‘कसा आहेस’ असे विचारावे.

प्रश्न : माझे पती सेंट्रिंगचे काम करतात. पडल्यानंतर त्यांचे खांद्याचे हाड जुळले, पण ३ महिने झाले तरी ते उंचीवर जायला तयार नाहीत. रात्री दचकून उठतात, शिडीवर पाय ठेवला की गरगरते म्हणतात. घरचे म्हणतात, मन घट्ट करा. काय करावे?

उत्तर : ताई, मन घट्ट करण्याचा सल्ला आधी थांबवायला हवा. गरगरण्याची कारणे दोन प्रकारची असू शकतात, शरीराची आणि मनाची, आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. पडताना डोक्याला धक्का बसला असेल तर आतील कानातील सूक्ष्म खडे जागचे हलून मान वळवताना किंवा कूस बदलताना चक्कर येते. ही चक्कर डोके ठरावीक क्रमाने वळवण्याच्या सोप्या उपचाराने बहुतेकदा थांबते. काही वेदनाशामक औषधांनीही गुंगी येते, म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. या तपासण्या होईपर्यंत त्यांनी उंचीवर मुळीच जाऊ नये.

दचकून उठणे, पडण्याचा क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे आणि ती जागा टाळणे हे एका महिन्याहून अधिक काळ चालले, तर आघातानंतरच्या मानसिक विकाराची शक्यता तपासावी लागते. त्यावर परिणामकारक मानसोपचार आहेत आणि त्यांत भीतीच्या जागेकडे पायरीपायरीने जाणे येते : प्रथम काम न करता बांधकामावर फेरी, मग जमिनीवर फळ्यांचे काम, मग पक्का कठडा असलेल्या पहिल्या मजल्यावर विश्वासू जोडीदारासोबत. ते ज्या परांचीवरून पडले तिच्यात काय सुधारले, हे ठेकेदाराने त्यांना प्रत्यक्ष दाखवावे. तिथे काहीच बदलले नसेल, तर त्यांची भीती रास्त आहे आणि उपचाराची गरज त्या परांचीला आहे.

प्रश्न : कटिंग मशीनवर माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची शीर आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) तुटली. शस्त्रक्रियेला ६ आठवडे झाले. टाके सुकले आहेत, मग काम का करू देत नाहीत? आणि हलके काम स्वीकारले तर भरपाई बुडेल का?

उत्तर : त्वचा लवकर जुळते, आतील कंडरा नाही. शिवलेल्या कंडरेवर जड काम टाकण्यासाठी साधारणपणे १२ आठवडे थांबावे लागते. घाईने पकड आवळल्यास ती पुन्हा तुटू शकते. आपण ज्याला शीर म्हणता ती संवेदना वाहणारी नस असेल, तर ती दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढते, त्यामुळे बोटाच्या टोकाला स्पर्श कळायला महिने लागतात. तोपर्यंत बधिर बोटे फिरत्या पात्याजवळ नेऊ नयेत आणि थरथरणारी यंत्रे धरू नयेत. मोजमाप घेणे, सळयांची लांबी आखणे, साहित्याची नोंद ठेवणे ही कामे डाव्या हाताच्या मदतीने आताही होतील, परंतु त्याआधी हाताच्या उपचारतज्ज्ञाकडून पकडीची ताकद मोजून घ्यावी.

भरपाईचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६४ च्या १२१ क्रमांकाच्या करारात मात्र जखमी कामगाराला शक्यतो पूर्वीच्या कामासाठी, अन्यथा योग्य पर्यायी कामासाठी तयार करणाऱ्या पुनर्वसन सेवा देण्याची तरतूद आहे. हलके काम सुरू करण्यापूर्वी कामाचे स्वरूप, तास, मजुरी, मुदत आणि ते न झेपल्यास काय होईल, हे सर्व लेखी घ्यावे. आणि हलके काम स्वीकारल्याने भरपाईचा हक्क सोडला असे सुचवणाऱ्या कोणत्याही कागदावर कामगार संघटनेला किंवा वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.